चौदाव्या खणातलं पाखरू

“पक्ष्यांचे तज्ज्ञ तुम्हीच ना, साहेब?” जाळी दुरुस्त करणाऱ्या बाईंनी आपला जेवणाचा मोठा डबा टेबलावर ठेवत विचारलं.

लेबलकाकांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. संग्रहालयाच्या मॅडम रजेवर होत्या आणि काकांचं काम एवढंच, की मॅडमनी दिलेला मजकूर चिठ्ठ्यांवर उतरवून काढायचा. एकतीस वर्षं ते तेच करत होते. अक्षर मोत्यासारखं, पण साहेब म्हणून त्यांना शिपायानंही कधी हाक मारली नव्हती. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“हो, बोला,” ते म्हणाले आणि चष्मा पुसून घेतला.

डब्यात चिमणीहून जरासं मोठं, काळं पाखरू पोटावर बसलं होतं. शेपटीच्या वर पांढरा पट्टा.

“वाऱ्यानं जाळ्यांच्या ढिगात येऊन पडलं. चालताच येत नाही हो त्याला.”

“पाकोळी आहे!” काकांनी सांगून टाकलं. पाकोळ्या त्यांच्या खिडकीबाहेरच घरटी करत. अशाच काळ्या, पांढऱ्या पट्ट्याच्या, जमिनीवर पडल्या की हतबल. चोचीवर काहीतरी उंचवटा दिसला, ती त्यांनी जखमच धरली. “वळचणीला राहते. उंच गच्चीवरून हवेत सोडा, उडेल.”

“पण ते सारखं समुद्राकडं तोंड करतंय. डबा फिरवला तरी वळतं. आणि माशाच्या तेलासारखा वास येतोय.”

“वास तुमच्या डब्याचा असेल,” काका हसले.

“असेल,” बाई ओशाळून म्हणाल्या आणि झाकण अर्धवट लावून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरगोळ्या बदलताना काकांनी नमुन्यांच्या कपाटाचा चौदावा खण ओढला. आत हुबेहूब तसंच पाखरू होतं, कापूस भरलेलं. पायाला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर: ‘वादळी पाखरू. स्थलांतर करणारा छोटा समुद्रपक्षी. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या. अंगाला तेलकट वास. जमिनीवर धड चालता येत नाही. राहण्याचे ठिकाण: खुला समुद्र. फक्त अंडी घालण्यापुरता खडकाळ बेटांवर येतो.’

एकही वेलांटी वाकडी नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी सगळं लिहिलं होतं आणि वाचलं काहीच नव्हतं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खण उघडाच टाकून ते अनवाणी पायऱ्या उतरले, मग चपलांसाठी परत आले, आणि धापा टाकत किनाऱ्यावर पोहोचले.

बाई दारात जाळं घेऊन बसल्या होत्या. शेजारी डबा उन्हात पालथा घातलेला.

“गेलं, साहेब,” त्यांना पाहताच बाई म्हणाल्या. “गावातली सगळ्यात उंच गच्ची शोधली. दोनदा उडवलं. दोन्ही वेळा खालीच पडलं. माझाच हात कमी पडला असेल.”

इथं गप्प बसलं असतं तरी खपून गेलं असतं, आणि क्षणभर काकांच्या मनात ते आलंही. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

“तुमचं नाही चुकलं. मी चुकलो,” ते म्हणाले. “ती पाकोळी नव्हती. आणि मी तज्ज्ञ नाही. मी नुसत्या चिठ्ठ्या लिहितो.”

बाईंच्या हातातली सुई थांबली. “मग ते राहतं कुठं?”

“समुद्रावर.”

बाईंनी समोर पाहिलं. पाणी वीस पावलांवर होतं.

“आणि वास?” त्यांनी विचारलं. “दोनदा घासला हो मी डबा. तरी जाईना.”

“वास त्याचाच होता.”

बाईंनी डबा उचलला, नाकाशी धरला आणि मांडीवर घेऊन बसल्या. काकांना बसा म्हणायचं त्यांना सुचलं नाही, आणि काकाही उभेच राहिले.