देवीचा आकडा आणि दोन उभे पंखे

दिवा स्टेशनापलीकडच्या आमच्या गावात, खाडीच्या बांधावरच्या देवळात, संध्याकाळी चपला ठेवायला जागा उरत नसे. पण मूर्तीकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या सोलरच्या डबीकडे. पॅनल, बॅटरी आणि मध्ये ही चार्ज कंट्रोलरची डबी. तिच्या काचेवर आकडा उमटायचा. देवळातल्या चांगदेवबुवांनी जाहीर केलेलं की देवी आता आकड्यातून बोलते. प्रश्न विचारा. आकडा चढला तर होकार, उतरला तर नकार. आणि बोलते ती सूर्य बुडाल्यावरच. दिवसा म्हणे आई तेजात न्हात असते, तिला त्रास देऊ नये.

मी गावभर सांगत फिरलो की तो बॅटरीचा व्होल्ट आहे. उन्हात बॅटरी भरताना वर जातो, तिच्यावर काही चालवलं की खाली येतो. माझ्या गच्चीवर तसलीच डबी आहे. कोणी ऐकेना. याच लोकांना मी एकदा सांगितलेलं, की खाडीतल्या चिंबोरीने गावातल्या साईनाथची मोटारसायकल नांगीत हँडल धरून चिखलात ओढत नेली. ते सगळ्यांनी मानलं. दोघांनी तर ती चिंबोरी स्वतः पाहिलेली. चिंबोरी खरी आणि व्होल्ट थाप. काय करायचं या लोकांचं?

हसून सोडून दिलं असतं, पण शेजारचा देवराम त्यात अडकला. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाचा अंगठा काळा पडलेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगठा लगेच काढा, नाहीतर पाय जाईल. देवरामने देवीला विचारलं, इस्पितळात जाऊ का, आकडा उतरला. भस्माचं विचारलं, आकडा चढला. झालं, अंगठ्यावर राख थापून गडी खाटेवर बसला. मी समजावलं, ओरडलो, घसा बसला. शेवटी त्याची बायको नंदा मला म्हणाली, आबा, एकदा देवळात येऊन नीट बघा तरी. देवरामलाही रिक्षात घालून नेलं.

आमच्या आधी रखमाबाईचा नंबर होता. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं विचारायचं होतं. बुवांनी दोन उभे पंखे मायेने तिच्याकडे वळवले आणि गुडघ्याजवळचं बटण दाबलं. "घामेजलीस गं माई, आईचा वारा घे." पंखे फिरले, बारा पॉइंट सहाचा आकडा अकरा पॉइंट नऊवर आला. नकार. मग बुवा म्हणाले, आता शांतता हवी, आणि पंखे बंद केले. भस्माचं विचारलं. आकडा हळूहळू चढला. होकार.

माणूस भर सभेत बटण दाबत होता आणि सभा वारा खात होती. मी नंदाच्या कानात बटणाचं सांगितलं आणि उठायला लागलो. तिने मला खाली बसवलं. "तुम्ही नका बोलू, आबा. तुमचं कोन ऐकनार?"

ती पुढे गेली. परत इस्पितळाचंच विचारायचंय म्हणाली. बुवांनी लगेच पंखे लावले. नंदाने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, देवराम माझा लग्नाचा नवरा हाय ना?"

आकडा उतरला.

"अगं, मग इतकी वर्षं मी कोन होतो?" मागून देवराम म्हणाला. देऊळ खदखदलं. बुवा पुटपुटले की आई रुसली आहे. तोवर नंदाने वाकून पंख्यांचं बटण बंद केलं. "आई, चांगदेवबुवा फसवतात का?"

आकडा चढला. बुवा पुन्हा बटणाकडे झेपावले, तेव्हा सगळ्यांनी पहिल्यांदा त्यांचा हात पाहिला. मग लोकांनी स्वतःच बटण दाबून पाहिलं. लावलं, उतरला. बंद केलं, चढला. थकलेली बॅटरी पंख्यांच्या ओझ्याने वाकत होती, ओझं गेलं की सावरत होती. दिवसा उन्हाने ती तोलून धरली असती, म्हणून बुवांना सूर्य नको होता.

देवराम सकाळी ठाण्याला गेला. पाय वाचला. पण भस्मात दिवस गेले, म्हणून अंगठ्याबरोबर शेजारची दोन बोटंही काढावी लागली. वेळेवर गेला असता तर एकावर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आणि गाव काय म्हणतं? देवी किती जागृत, आकड्यातून बुवांना उघडं पाडलं. मी कपाळावर हात मारला.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, नंदावरही नको. कोणी चमत्कार दाखवला, तर ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे असा एक प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर येताना दाखवणाऱ्याचे हात बघा. अंगठा काळा पडला असेल, तर तेवढंही करत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.