बटाट्याने जागं केलेलं घड्याळ

"चाललं! चाललं!" कुणीतरी ओरडलं, आणि लिलियानच्या कॅफेच्या मागच्या खोलीतली सगळी मंडळी एका टेबलावर ओणवी झाली.

अंगात शक्ती असल्याचं सांगणाऱ्या इन्यास त्योरियाने घट्ट धरलेली मूठ हलकेच हलवली आणि सावकाश उघडली. सकाळपासून निपचित पडलेलं घड्याळ त्याच्या तळहातावर टिकटिकत होतं. इन्यासने डोळे मिटले आणि स्वर खाली आणला.

"मी काही केलं नाही. मी फक्त विचारलं. ज्या कारागिराने याला जन्म दिला, त्याच्या आत्म्याला विचारलं, बाबा रे, जागा आहेस का? तो म्हणाला, जागाच आहे, पण मला कुणी हाकच मारली नाही!"

हा आत्मा कित्येक वर्षं हाकेची वाट बघत पडून होता आणि त्याला नेमकी रविवारी, जेवणाच्या आधी जाग आली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. एदमेला वाटलं.

ते घड्याळ तिच्या नवऱ्याचं, नूमाचं होतं. खोलीतले सगळेच क्रोनोग्राफचे, म्हणजे बटण दाबून सेकंद मोजायच्या घड्याळांचे शौकीन. नावाजलेल्या घड्याळांच्या वाटेला ही मंडळी जात नसत. एरवी तबकडीवर निळं वर्तुळ असेल आणि क्वचित एखाद्यावर लाल, तर यांना ते लाल हवं. बटणं गोल असतील तर चौकोनी हवीत. आणि सगळ्यात मोठा मान त्या घड्याळाला, ज्याचं पाठचं झाकण कधी उघडलंच गेलं नाही. त्याला ते 'अस्पर्श' म्हणत. उघडलं की बाटलं.

नूमाचं घड्याळ डॉक्टरांसाठी बनवलेलं होतं. काटा सुरू करायचा, तीस ठोके मोजायचे, थांबवायचा, की कडेच्या वर्तुळावर नाडीचा आकडा तयार. वर्तुळ लाल, आणि घड्याळ अस्पर्श. नूमा त्याला देव्हाऱ्यात ठेवायचा तेवढा बाकी होता.

"एदमे," तो तिच्या कानाशी वाकला. चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता. "मी मंगळवारी लोझानला जाणार नाही."

मंगळवारी तिथल्या इस्पितळात त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. सर्जनने साफ सांगितलं होतं, हा हिवाळा तसाच काढलात तर पुढचा दिसणार नाही.

"नूमा, वेड लागलंय का तुला?"

"इन्यास म्हणतो, जे उघडलं ते बाटलं. घड्याळ काय, छाती काय. हाक मारली की आपोआप चालू लागतं. बघितलंस ना आत्ता?"

"झडप हाकेला ओ देत नाही रे."

त्याचा चेहरा मिटला. दोघांच्या संसारात तिला एवढं पुरतं कळलं होतं, की ती समजावायला लागली की हा दार लावून घेतो. त्यात या शौकिनांच्या मंडळाचे अध्यक्ष मोंताँदों पलीकडून हसले. "एदमेबाई, शाळा केव्हाच सुटली हो! आता तरी फळा पुसा." ती जन्मभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवत आली होती. खोलीत खसखस पिकली आणि नूमाही हसला. तेच तिला लागलं.

उठून जावं म्हटलं तर जायचं कुठे? डोंगरांतल्या ला ब्रेवीनच्या त्या दरीत रात्रीपासून बर्फ पडत होता, रस्ता बुजला होता, बर्फ काढणारी गाडी संध्याकाळशिवाय यायची नव्हती. शेगडीची धग, चीजचा वास आणि इन्यासचा मधाळ आवाज, यांत ती कोंडली गेली होती. नवरा डोळ्यांदेखत मरणाकडे चालला होता आणि भोवतालचे टाळ्या वाजवत होते. तिला भीती वाटत होती. साधी, खरीखुरी भीती.

तेवढ्यात नूमाचं घड्याळ थांबलं. इन्यास त्याने कुठे डगमगतो!

"त्याला माझ्या सहवासाची ओढ लागलीय," तो म्हणाला. "जेवण होईपर्यंत परत खिडकीत ठेवा, बर्फाच्या मौनात शुद्ध होऊ द्या. नंतर काही महिने माझ्याकडेच राहू दे, नूमा. ते स्थिरावलं, की तुझं हृदय स्थिरावलं म्हणून समज."

सकाळीही त्याने हेच करायला लावलं होतं. सगळ्यांनी आपापल्या बंद घड्याळांना पूर्ण चावी द्यायची आणि ती दुहेरी खिडकीच्या दोन तावदानांमध्ये ठेवायची. जी त्याच्या मुठीत चालली, तो चमत्कार. जी चालली नाहीत, त्यांच्या मालकाच्या मनात शंका. आणि या दरीत शंका घेतो कोण? भाजलं, पोळलं तर अजून दवाखान्याआधी 'गुपित' येणाऱ्या, म्हणजे मंत्राने बरं करणाऱ्या माणसाला फोन जातो. शिवाय अस्पर्श घड्याळ उघडून बघायचं पाप यांच्यातला एकही करणार नव्हता. इन्यासचं अर्धं काम यांनीच करून ठेवलं होतं.

लिलियान वाफाळत्या बटाट्यांची टोपली घेऊन आली. फडकं बाजूला सारत ती मोंताँदोंवर खेकसली, "गाडीच्या इंजिनावर गोधडी टाकलीत का? की गेल्या खेपेसारखं संध्याकाळी मला ढकलायला लावणार? तेल थिजतं मेलं या थंडीत!"

"टाकलीय गं बाई, टाकलीय."

एदमेचा हात टोपलीवरच थांबला. या खोलीतला प्रत्येक माणूस रात्री इंजिनावर गोधडी घालतो. घड्याळातही तेलच असतं, याची कुणालाच कशी आठवण होत नाही?

ती उठली. खिडकीत पुन्हा ठेवलेलं नूमाचं घड्याळ तिने काढलं. ते इतकं गार होतं की बोटांना चटका बसला. एक मोठा बटाटा निवडून तो तिने फडक्यात गुंडाळला आणि वर घड्याळ ठेवलं.

"ऐका मंडळी! मलाही गुपित आलंय. मला नाही, या बटाट्याला."

"एदमे, बस खाली!" नूमा कळवळला.

"बाबा रे बटाट्या," ती इन्यासच्याच मधाळ सुरात म्हणाली, "याला जरा हाक मार बघू."

कुणी हसलं, कुणी हळहळलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग इन्यास मूठ हलवायचा तसं तिने घड्याळ हलकेच कलतं केलं.

टिक. टिकटिक.

लिलियान फस्सकन हसली. "अगंबाई! माझ्या कोठीत पोतंभर सिद्धपुरुष पडलेत आणि मी त्यांची सालं काढतेय!"

"या खोलीत माझी शक्ती भरून राहिलीय," इन्यास घाईने म्हणाला. "तीच बटाट्यात उतरली."

"मग तर सोपंच आहे," एदमेने वाइनच्या बाटल्या ठेवलेली बर्फाची बादली त्याच्यापुढे सरकवली. "हात यात बुडवा, चांगले गार होऊ द्या, आणि मग खिडकीतलं दुसरं घड्याळ चालवून दाखवा. शक्ती काय, गार हातातही असेलच की."

इन्यासने हात पाठीमागे घेतले. "हा शक्तीचा अपमान आहे!"

त्याच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे त्या पाठीमागे गेलेल्या हातांकडे बघत होते, आणि नूमा सगळ्यांत जास्त.

"चावी भरलेली असते," एदमे आता कुणाला न चिडवता म्हणाली. "जुनं तेल घट्ट झालेलं असतं, गारठ्याने आणखी थिजतं. ऊब मिळाली, जरासा हिसका बसला, की चाकं सुटतात. निवलं की पुन्हा थांबतं. आत घाण तशीच असते ना!"

नूमाने घड्याळ हातात घेतलं आणि खिशातली लहान सुरी काढली.

"नूमा!" मोंताँदों किंचाळले. "अस्पर्श आहे ते!"

सुरीचं टोक कडेत शिरलं आणि झाकण टक्कन निघालं. चाकांवर तपकिरी डिंकासारखा थर साचला होता. पण नूमा झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत होता. घड्याळजी दुरुस्तीनंतर तिथे टोकदार सुईने आपली बारीक खूण ओरखडतात. तिथे खुणा होत्या, वेगवेगळ्या हातांच्या, एकीखाली एक.

"याला तर कितीजणांनी उघडलंय," तो पुटपुटला.

"उघडलं, पुसलं, तेल घातलं, म्हणून तर तुझ्या हातात आलं. न उघडता ठेवलं असतं तर केव्हाच भंगारात गेलं असतं." तिचा आवाज फुटला. "नूमा, मला तू चालता हवास रे. अस्पर्श नकोस."

इन्यास कोट चढवून दारापर्यंत गेला खरा, पण दारापलीकडे बर्फाची भिंत होती. संध्याकाळपर्यंत तो कोपऱ्यात बसून राहिला. लिलियानने त्यालाही बटाटे वाढले.

नूमाने झाकण दाबून बसवलं, घड्याळ पुन्हा कोमट बटाट्यावर ठेवलं आणि नाडी बघायला आपलं मनगट एदमेपुढे धरलं. तिने बटण दाबलं. लाल वर्तुळावरून काटा निघाला. ती ठोके मोजू लागली. एक आला, दुसरा अडखळला, तिसरा धावत आला. तिने तीस मोजले आणि काटा थांबवला.

"किती?"

"आकड्याला अर्थच नाही. चुकताहेत ठोके."

"मग हाक मारून उपयोग नाही," नूमा म्हणाला. "मंगळवारी उघडूनच बघू दे त्यांना."

वाचकहो, तुमच्याही गावात कुणाच्या तरी मुठीत काहीतरी चालू होत असेल. टाळी वाजवण्याआधी एवढंच करा, तीच वस्तू एकदा बटाट्यावर ठेवून बघा. आणि झाकण उघडू नका असं कुणी बजावलं, तर आधी झाकणच उघडा.