तिरडीवरचं हसू

आमचे हे पंधरा वर्षांत किती वेळा मेले, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. गच्चीवरून पडून, जीपखाली येऊन, एकदा तर बोंड्यांच्या कढईत तोंड घालून. फायटरचं कामच ते. पण ते मरण धावतपळत असतं. पडले, कॅमेरा पुढं गेला, उठून अंग झटकलं की चहा. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांना विधीसकट मेलेलं दाखवायचं होतं.

सिनेमा पोलिसांचा. एक इन्स्पेक्टर एकट्यानं सगळं शहर साफ करतो, बाकीची फौज बहुधा रजेवर असते. इन्स्पेक्टर झाला होता कदिरवेंदन, ज्याला पोस्टरवर 'पुयल' म्हणतात, म्हणजे वादळ. मी कपडेपटात शिवणकाम करते, त्यामुळं वादळाची मापं मला ठाऊक आहेत. खाकी अंगाला चिकटूनच हवी हा त्याचा हट्ट. मग पिस्तूल खांद्याच्या वर गेलं की काखेत उसवायची. पोटावरचा पट्टा आम्ही दोघीजणी ओढायचो, तेव्हा वादळ श्वास रोखून आभाळाकडं बघत राहायचं. हात वर जात नाही म्हणून तो सॅल्यूट कोपरापासूनच ठोकतो. लोक त्याला स्टाईल म्हणतात.

प्रसंग असा होता: गुंडाचा भाऊ मरून रस्त्यात तिरडीवर पडलाय, बाया ऊर बडवतायत, आणि इन्स्पेक्टर त्या तिरडीला खेटून, तिच्याकडं ढुंकूनही न बघता, संथपणे कॅमेऱ्याकडं चालत येतो. भाऊ म्हणजे आमचे हे.

आमच्या मद्रासकडच्या सिनेमात कुणाला तिरडीवर निजवलं की शॉट झाल्यावर त्यानं उठून बसायचं, कॅमेऱ्यात बघून हसायचं आणि ते हसू रीतसर घ्यायचं. मग कापूर लावलेला कोहळा ओवाळून फोडायचा. कॅमेऱ्यानं माणसाला शेवटचं बघावं ते जिवंत बघावं, एवढंच त्यात आहे. मागच्या महिन्यात कदिरवेंदनच्या नुसत्या फोटोला हार घातला होता, तर तो वीस मिनिटं कॅमेऱ्यात हसत बसला आणि तीन कोहळे फुटले.

पायाचे अंगठे बांधायची पांढरी पट्टी कापडाची, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी करकचून बांधली असती. मी सैल बांधली. ह्यांनी डोळे मिटूनच पुटपुटून सांगितलं की गुदगुल्या होतायत. आमची याळिनी दहा महिन्यांची, कपडेपटाच्या गाडीत साडीच्या झोळीत झोपली होती. मी गाडीचा पडदा लावून घेतला.

रडारडीचा शॉट झाला. मी सहायक दिग्दर्शकाकडं, त्या सिबीकडं गेले आणि म्हटलं, आता ह्यांचं हसू घ्या. त्यानं हातातल्या कागदांवरून मानही वर केली नाही.

"अक्का, ऊन चाललंय. आणि फायटरला कसलं हसू? तो रोजच मरतो."

दिग्दर्शक इनियन सरांनी सूर्याकडं बघून सांगितलं की प्रेत तसंच राहू दे, कदिरवेंदन सरांचं चालणं घेऊ आणि निघू. कॅमेरा तिथूनच दुसऱ्या जागी जाणार होता. म्हणजे माझा नवरा त्या कॅमेऱ्यात मेलेलाच राहणार होता, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावरून उडी होती.

भांडून उपयोग नव्हता. मी छत्रीखाली बसलेल्या कदिरवेंदनकडं गेले, त्याचा पट्टा ओढायला घेतला आणि ओढता ओढता म्हटलं, "सर, तिरडीवरचा अजून हसला नाही. तुम्ही त्याला खेटून जाणार. जा की, माझं काय."

त्यानं रोखलेला श्वास सोडला. पट्ट्याचा आकडा निसटला.

"हसला नाही म्हणजे?"

"म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी तो मेलेलाच आहे."

याच माणसानं मागच्या सिनेमात स्मशानात बसून डोसा खाल्ला होता. पावडरखालीसुद्धा त्याचा रंग उतरलेला मला दिसला. त्यानं इनियन सरांना बोलावलं. क्षणापूर्वी ज्यांना उसंत नव्हती ते सर आता परंपरा कशी पाळली पाहिजे यावर सिबीला झापू लागले. सिबी मान डोलवत होता, जणू ही रीत त्याच्याच आजोबांनी घालून दिली.

ह्यांना उठवून बसवलं. पण कॅमेऱ्यात बघायचं नाही, हेच पंधरा वर्षं मार खाऊन शिकलेला माणूस. कुठं बघू, विचारू लागले. काचेत बघा म्हटल्यावर दाताच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखे दात दाखवले. कॅमेरामन म्हणाला, छान, झालं. ह्यांचा चेहरा खुलला, हार काढू लागले.

माझं लक्ष कॅमेऱ्यावर होतं. चित्रण चालू झालं की लागतो तो तांबडा दिवा लागलाच नव्हता. ऊन वाचवायला त्यांनी नुसतं नाटक केलं होतं. नाटकाचीच भाकरी खाणारी माणसं, त्यातही कामचुकारपणा.

"दिवा लागला नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

कदिरवेंदन तोवर चालण्याच्या जागेवर, तिरडीपासून दोन हातांवर येऊन उभा होता. त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडं. ह्यांनी त्याला आदरानं नमस्कार केला. प्रेतानं हात जोडल्यावर वादळ फिरलं ते सरळ आपल्या व्हॅनच्या दिशेनं सुटलं. टोपी पडली. कंबरेचा पट्टा मागं शेपटासारखा लोंबत होता. रडायला आणलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

आणि आमचे हे हसले. प्रेताचा जबडा मिटून राहावा म्हणून हनुवटीखाली बांधलेलं फडकं सुटेपर्यंत हसले, तिरडीचे बांबू करकरले. कॅमेरामननंही बहुतेक हसता हसता बटण दाबलं असावं, कारण आता तांबडा दिवा लागला होता. इनियन सर तीनदा 'कट' म्हणाले.

कोहळा एकच उरला होता. तो व्हॅनच्या दाराशी, कदिरवेंदनवरून ओवाळून फोडला. पुढं एका मुलाखतीत त्यानं सांगितलं म्हणे, की गरीब फायटरसाठी मी शूटिंग थांबवलं. सांगू दे.

मी अंगठ्यांची गाठ सोडली. पट्टी सैल होती तरी वळ उठला होता. याळिनी उठून रडत होती, तिला आणून त्यांच्या मांडीवर दिली. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. अजून हसू आवरत नव्हतं त्यांना, पोट हलत होतं, आणि पोटाबरोबर ती.