सुकन्याच्या हाताखाली

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे, संगणकाचा. सोलापुरातल्या एका सीईटी क्लासच्या परीक्षा-खोलीत मी राहतो. माझे दोन भाऊ कोणीतरी खिशात घालून नेले. तेव्हापासून माझी वायर टेबलाच्या पायाला प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधली आहे. वीतभर पुढे, वीतभर मागे, एवढंच माझं जग.

कारखान्यातून खोक्यात बसून आलो, तेव्हा मी चांगला चकचकीत होतो. क्लासच्या शिवलिंगप्पा सरांनी मला हातात घेऊन "झकास" म्हटलं होतं. आता डावं बटण झिजलं आहे, अंगावर पोरांचा घाम वाळला आहे आणि कौतुक नव्या माउसच्या वाट्याला गेलं आहे. पण मला हात ओळखता येतात, हे त्या नव्याला कुठे जमतंय?

सुकन्या बारावीची, जवळच्या कुंभारी गावची. तिचे वडील हरिबा मेंढरं राखतात. तिला इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्यासाठी सीईटीच्या गणितात चांगले गुण हवे होते. सुरुवातीला ती प्रश्न वाचायची, मला सोडून पेन्सिल धरायची आणि कच्च्या कागदावर डोकं खाजवत बसायची. मग माझ्यावर एक ठाम टिचकी. गुण बेताचेच पडायचे, पण ते तिचे असायचे.

पुढे क्लासने जुनेच सराव पेपर पुन्हा फिरवायला घेतले. पोरीची स्मरणशक्ती तल्लख. प्रश्नाची पहिली ओळ दिसली की तिचं बोट खाली यायचं. ती पहिली आली, मग पहिलीच येत राहिली. क्लासने तिचा फोटो टाकून भला मोठा फ्लेक्स लावला. हरिबांनी कुंभारीत पेढे वाटले. इकडे माझ्यावरचा हात मात्र भीतीने गारठत चालला होता आणि कच्चा कागद कोराच राहत होता. मला फार वाईट वाटायचं. सांगणार कोणाला आणि कसं?

एकदा तिने धीर केला. "सर, पेपर तेच हायत. मला पाठ झालेत. नवा द्या की."

"आता ॲडमिशनचे दिवस हायत," सर म्हणाले. "फ्लेक्स लागलाय. परीक्षा होईस्तोवर गप बस."

ती पुन्हा तेच पेपर देत राहिली. खरी परीक्षा जवळ येत होती आणि तिला मागेही फिरता येईना.

मग एका रविवारी नव्या मुलांचे पालक जमले. सरांनी सुकन्याला माझ्यासमोर बसवलं आणि तिच्या संगणकाचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला. पुढच्याच खुर्चीवर सरांनी मुद्दाम बोलावलेले हरिबा होते, धुतलेला पटका बांधून. प्रश्न आला. तिचं बोट माझ्या बटणावर आलं. मग तिने हात उचलून मांडीवर ठेवला.

"आप्पा, उत्तर ब हाय," ती वडिलांकडे वळून म्हणाली. "पण ते कसं आलं, मला येत न्हाय. मी पेपर पाठ केलाय."

सरांचा चेहरा उतरला. हरिबा सरांकडे वळले.

"मंग शिकवा की तिला, सर," ते म्हणाले. "आमी हितंच बसतो. आमाला घाई न्हाय."

सरांनी खुर्ची ओढली, कच्चा कागद पुढे घेतला आणि ते एक गणित पहिल्या पायरीपासून सोडवून दाखवलं. काही पालक निघून गेले. हरिबा शेवटपर्यंत बसले.

सुकन्याच्या सीईटीचं काय झालं, ते मला ठाऊक नाही. निकाल या टेबलापर्यंत येत नाहीत. आता तिच्या जागी गुफरान बसतो. सराव पेपर तेच आहेत आणि गेल्या आठवड्यापासून तो पेन्सिल आणायचा बंद झाला आहे. काल त्याला पैकीच्या पैकी मिळाले. मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा गुफरान येईल तेव्हा शाबासकी देण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा आणि विचारा, "हे कसं सोडवलंस रे?" मला विचारता येत नाही.