मोरीतली गंगा

मी एक जुनी, दगडांनी झाकलेली मोरी आहे. माझ्या दोन दगडांमधला चुना करंगळीच्या नखाएवढा झिजला आहे. त्या फटीतून थेंब येतो आणि प्रत्येक थेंबात मातीचा बारीक कण असतो. मित्रांनो, मला त्या कणाची भीती वाटते.

निजामाच्या अमलात, बीड शहरात, बिंदुसरा नदीच्या उतारावर वडारांनी मला बांधलं. घरांचं सांडपाणी वाहून नेणं एवढंच माझं काम. गल्लीतला वास गेला, तेव्हा लोकांनी माझं कौतुक केलं. मग ते मला विसरले. कुणी पागोळ्यांचं पाणीही माझ्यातच सोडलं. पावसाळ्यात मी तुंबायची आणि घाण उलटी घरांत शिरायची.

एका वर्षी पावसाळा सरला, दिवाळी झाली, तरी पहाटे, घरांचं सांडपाणी यायच्या आधी, माझ्या तोंडातून नितळ पाणी वाहतच राहिलं. ते जमिनीतलं पाणी होतं, माझ्या फटींतून झिरपणारं. पण लोक म्हणाले, कपिलधारच्या तीर्थाची गंगा जमिनीखालून आली! सफाई कमिटीचे प्रमुख विठ्ठलराव यांच्या पत्नी सत्यभामाबाई रोज माझ्या तोंडाशी हळदकुंकू वाहू लागल्या.

माझ्या पाठीवर दस्तगीर पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घराखालची माती कणाकणानं माझ्यात येत होती. वर त्याची बायको रहिमाबी तान्ह्या लेकीला निजवायची. मला ओरडता येत नव्हतं.

दस्तगीर विठ्ठलरावांकडे गेला. "रावसाहेब, उखळात मिरच्या कुटल्या की जमीन ढोलावानी वाजती. हैदराबादेहून इंजिनेर बोलवा. मोरीत हे पाणी कुठून येतं, बघू द्या त्यांना."

"इंजिनेर आला की आधी कुदळ मागंल," विठ्ठलराव म्हणाले. "गंगेला कुदळ लावू व्हय? बघू पुढच्या बैठकीत."

"मागच्या बैठकीतबी पुढचीच बैठक होती, रावसाहेब."

विठ्ठलराव हसले. माझ्यात मात्र माती येतच राहिली.

एका सकाळी माझा एक दगड निखळला. माती भसकन आत आली आणि तिच्यासोबत एक बोळकं. ते गडगडत माझ्या तोंडाशी पोचलं. सत्यभामाबाई तिथं पूजेला वाकल्या होत्या. बोळक्याला बांधलेली हिरवी चिंधी त्यांनी ओळखली, कारण ती त्यांनीच बांधली होती. रहिमाबीच्या बाळंतपणात शेजारधर्मानं त्या रात्रभर बसल्या होत्या. लेकीची नाळ त्या बोळक्यात घालून घरातल्या जमिनीत पुरली होती.

हातातला तांब्या टाकून त्या धावल्या.

"रहिमा! पोरीला उचल! भाईर ये आधी!"

"काय झालं, बाई?" लेकीला छातीशी धरून रहिमाबी उंबऱ्याबाहेर आली. तिच्यामागं जमीन दबली आणि उखळ खाली गेलं. ते माझ्यावरच आदळलं.

गल्ली जमली. विठ्ठलराव आले. सत्यभामाबाईंनी चिखलानं माखलेलं बोळकं त्यांच्यापुढं धरलं.

"ही गंगा न्हाई. रहिमाच्या घराखालची माती हाय. आता कोणती बैठक घेता?"

मित्रांनो, नितळ पाणी दिसलं तर हात जरूर जोडा. पण ते कुठून आलं आणि येताना काय घेऊन आलं, हेही विचारा. आम्हा जमिनीखालच्यांना बोलता येत नाही.

विठ्ठलराव त्या खड्ड्याच्या काठाशी गेले. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"इंजिनेर बोलवा," ते म्हणाले. "अन् पहिली कुदळ माझ्या हातात द्या."