गाळलेले सतरा सेकंद

बातम्या लागल्या की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक बाई हातवारे करताना दिसते ना, ती मी. ज्यांना ऐकू येतं ते माझ्याकडे बघत नाहीत, आणि ज्यांना येत नाही ते माझ्याशिवाय कुणाकडेच बघत नाहीत. ऑफिसात माझं नाव 'कोपरा' पडलंय. "काय कोपरा, चहा घेणार का?" घेणार की. न घ्यायला काय झालं!

खुणांची भाषा मला घरातच आली. माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. दादा छापखान्यात पुस्तकं बांधतो. तो ज्या शाळेत शिकला ती बहिऱ्या मुलांची शाळा बंद करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दादा आणि तिथल्या मुलांचे आईबाप, बरेचसे दादासारखेच बहिरे, तीन दिवस मंत्र्यांच्या ऑफिसबाहेर बसून होते. अर्ज देऊन आले, सह्या देऊन आले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या बातम्यांना मंत्री स्वतः आमच्या स्टुडिओत. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. शाळा बंद करणं मुलांच्या कशा भल्याचं आहे ते सांगत होते आणि मी निमूटपणे खुणा करत होते. मग ते म्हणाले, "पालक खूश आहेत हो. माझ्याकडे एकाही पालकाची तक्रार आलेली नाही. उलट आभार मानायला लोक येऊन गेले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं धडधडीत खोटं, आणि ते मी माझ्या हातांनी सांगायचं? दादाला? त्यातला एक शब्दही न सांगता मी हात खाली घेतले, घट्ट बांधले आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघत उभी राहिले. सतरा सेकंद. ते नंतर लोकांनी मोजले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे मीच! 'कोपऱ्यातल्या बाईचा मूक निषेध.' पेपरात माझा फोटो, फोनवर हजारभर शाबासक्या. कचऱ्याच्या डब्यावरून माझ्याशी रोज भांडणाऱ्या शेजारच्या काकूंनी जिन्यात मला मिठी मारली. दुसऱ्या एका चॅनलवर चार जण माझ्या बांधलेल्या हातांवर तासभर भांडले. मंत्री त्या वेळी काय म्हणाले होते, ते मात्र कुणी लिहिलं नाही की दाखवलं नाही. माझ्याही ते लक्षात आलं नाही. खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

मग मंत्र्यांच्या ऑफिसातून पत्र आलं. आमच्या संपादकसाहेबांनी बोलावून सांगितलं, "ताई, गुरुवारी अकरा वाजता या. मंत्र्यांची लेखी माफी मागा. नाहीतर तुम्हाला घरी बसावं लागेल, आणि वरून सांगितलंय, तो कोपराच बंद करा. नसती कटकट."

माफी? आणि त्या माणसाची? ते मला मेले तरी जमणार नव्हतं. पण कोपरा बंद झाला तर दादा आणि त्याच्यासारखे सगळे पुन्हा नुसती हलणारी तोंडं बघत बसणार. मला जेवण जाईना.

त्याच संध्याकाळी दादा आला. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. तो चपलाही न काढता दारातच उभा राहिला आणि खुणेनं विचारलं, "मंत्री काय म्हणाला?"

"खोटं बोलला," मी म्हटलं.

"काय खोटं?"

मी सांगायला हात उचलले, तर त्यानं माझी मनगटंच धरली. मग सोडून म्हणाला, "मला एकट्याला नको. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही ऐंशी बहिरी माणसं बसलो होतो. तू हात बांधलेस आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. जिथं गाळलंस तिथंच सांग."

"अरे, मी तुमच्यासाठीच केलं ना!"

"आमच्यासाठी?" त्यानं ती खूण इतक्या जोरात केली की हात दाराच्या चौकटीवर आपटला. आणि तो निघून गेला. मला इतकं लागलं ते! सगळं जग वाहवा करतंय आणि सख्खा भाऊ पाणीही न पिता जातो म्हणजे काय? मी त्याच्या नावानं रात्रभर बोटं मोडली.

गुरुवारी अकराला साहेबांच्या खोलीत गेले तर दादा आधीच खुर्चीत बसलेला. कामावरून तसाच आलेला, नखांत डिंक. आदल्या दिवशी येऊन चिठ्ठी देऊन गेला होता म्हणे, की मला बोलायचंय, आणि साहेबांनी त्यालाही अकराचीच वेळ दिली होती.

साहेब म्हणाले, "यांचं बोलणं सांगायला कोण आहे?"

"अख्ख्या चॅनलमध्ये मी एकटीच आहे, साहेब."

"म्हणजे तुमच्याबद्दलचं तुम्हीच सांगणार?"

"दुसरा इलाज नाही."

आमच्या कामाचा नियम असा, की समोरचा बोलतो ते त्याच्याच तोंडानं बोलायचं. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. दादानं हात उचलले आणि मी तोंड उघडलं.

"माझी बहीण चुकली," मी म्हणाले.

"तुमची बहीण? तिचा इथं काय संबंध?" साहेब गोंधळले.

"नाही हो, ते दादा बोलतोय. बहीण म्हणजे मी." साहेबांनी कपाळाला हात लावला.

दादा पुढं बोलत गेला आणि मी सांगत गेले. "मंत्री खोटं बोलला असेल तर चिडायचं होतं आम्ही. हिनं आमच्या वाटचा राग स्वतःच करून घेतला, आणि आम्हाला तो कशाचा हेही कळू दिलं नाही. मंत्र्याची माफी मागायचं काही कारण नाही. माफी आमची मागायला हवी."

एवढं सांगून मी थांबले. दादाचे हात मात्र थांबले नव्हते. ते आता खाली आले होते, सावकाश चालले होते, बराच वेळ. साहेब माझ्याकडे बघू लागले.

"ते म्हणतात, मी लहानपणापासून त्यांना मदत करते," मी म्हणाले.

दादानं टेबलावर थाड्‌कन हात मारला. साहेबांचा चहा बशीत सांडला. "मी इतका वेळ हात हलवले आणि तू एका वाक्यात आटपलंस? पुन्हा गाळतेस? सगळं सांग."

मग काय करणार! सगळं सांगितलं.

"आमच्या घरी जेवताना सगळे हसायचे. काय झालं, मी विचारायचो. काही नाही रे, नंतर सांगतो, म्हणायचे. ते नंतर कधी आलंच नाही. ही पाच वर्षांची होती. ताटावरून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि उष्ट्या हातांनी सगळं सांगायची. बाबांचा विनोद सांगायची, आईनं मला ठेवलेली नावंही सांगायची. मार खाल्ला तिनं त्यासाठी. घरात काय चाललंय ते मला हिच्यामुळे कळलं. बाहेर काय चाललंय तेही हिच्यामुळेच कळतं. मी आजवर हिचे आभार मानले नाहीत, ते आज मानतो. हिला काढू नका. फक्त ते सतरा सेकंद आम्हाला द्या."

हे सगळं मी माझ्याच तोंडानं म्हणाले. "हिचे आभार मानतो" म्हणताना नाकाडोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "मंत्र्यांना काय कळवायचं ते मी बघतो. तुम्ही उद्या पाचला या."

दुसऱ्या दिवशी बातम्या सुरू होण्याआधी मला अर्धं मिनिट दिलं. पडदाभर मी एकटी. आधी खुणेनं प्रेक्षकांची माफी मागितली. मग चेहरा स्थिर ठेवून मंत्र्यांची ती वाक्यं जशीच्या तशी सांगितली. पालक खूश आहेत. एकाही पालकाची तक्रार नाही. लोक आभार मानून गेले. माझं काहीही त्यात घातलं नाही. इतकं कठीण काम मी जन्मात केलं नव्हतं.

बाहेर येऊन फोन बघितला तर दादानं शाळेच्या हॉलमधून व्हिडिओ पाठवला होता. ऐंशी माणसं उभी होती, खुर्च्या उलट्यापालट्या, ऐंशी माणसांचे हात एकदम हवेत. तीन दिवस धरणं धरलेल्या आया, म्हातारे, सगळे एकमेकांना सांगत होते, 'खोटं! खोटं!' आणि मधोमध माझा शांत, सोशिक दादा लालबुंद होऊन मंत्र्याला अशा काही शिव्या देत होता की त्या मी साहेबांना कधीच सांगणार नाही. मी तिथंच जिन्यात बसून तो व्हिडिओ चारदा पाहिला. माणसं इतकी चिडलेली पाहून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.