शेजारच्यांची शिस्त

तपासनिसाने पहार झाकणाच्या फटीत घातली, टाच रोवली आणि जोर लावला. झाकण कुरकुरत उठलं. घर विकत घ्यायला आलेलं जोडपं नाकाला रुमाल लावून मागे सरकलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडून मान काढून उभे असलेले शेजारचे आप्पा मात्र पुढे झुकले. या सेप्टिक टाकीचं दर्शन घ्यायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

"बिनधास्त घ्या घर," ते म्हणाले. "पाच माणसं राहायची इथे. पण टाकी एकदाही उपसावी लागली नाही. याला म्हणतात शिस्त."

तपासनिसाने आत बघितलं. मग टॉर्च लावून बघितलं. मग टॉर्च खिशात ठेवून नुसताच बघत बसला.

झाकणाखाली माती होती. चांगली, कोरडी, भुसभुशीत माती. एक मुंगळा अवचित आलेल्या उजेडाने गोंधळून जागच्या जागी थांबला होता.

"टाकी कुठाय?" नवऱ्याने विचारलं.

"झाकण आहे," तपासनीस म्हणाला. वाईट बातमी हप्त्याहप्त्याने द्यायची त्याची पद्धत होती.

"अहो, मग जातं कुठे सगळं?" बायकोने रुमालातूनच विचारलं.

प्रश्न रास्त होता. तपासनिसाने पिशवीतून एक बाटली काढली, आत जाऊन संडासात हिरवा रंग ओतला आणि फ्लश ओढला. रंग जिथे निघेल तिथे टाकी, असा साधा हिशेब. मग सगळे रंग शोधायला निघाले. गटार पाहिलं, मागची मोरी पाहिली, बायकोने उगाचच आंब्याच्या आळ्यातही पाहिलं. हिरवं होतं ते फक्त गवत.

शेजारच्यांची शिस्त खरी ठरली असं समजून आप्पांना मनातून बरं वाटत होतं. टाकी नसली तर भरणार तरी कशी, हा मुद्दा त्यांना सुचला नव्हता. आप्पांच्या आयुष्याचं दुःख त्यांची स्वतःची टाकी होती. लोकांच्या टाक्या वर्षानुवर्षं भरत नाहीत. त्यांची पाहता पाहता तुडुंब व्हायची. मैला उपसायच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्याकडे सख्ख्या पाहुण्यासारखा यायचा आणि चहाला थांबायचा. आप्पांनी उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. फ्लशच्या टाकीत वीट ठेवली. न्हाणीघराच्या दारावर पाण्याच्या वेळा चिकटवल्या. नातवाचे लंगोट धुताना सुनेने दुसरी बादली घेतली, की बाहेरून खाकरून दाखवलं. आणि एकदा जेवताना म्हणाले, "शेजारी पाचजण राहतात, त्यांची भरत नाही. तुम्ही तिघं आत जाऊन करता तरी काय?"

सुनेने ताट सरकवलं. महिना संपायच्या आत दारात टेम्पो लागला, आणि मुलगा, सून, नातू बिऱ्हाड उचलून गेले. त्यानंतरही टाकी भरतच राहिली. मग आप्पांना संशय घ्यायला घरात बायको तेवढी उरली.

"काका, तुमचं झाकण उघडू का?" तपासनिसाने विचारलं.

"आमचं कशाला? आमची बदनाम टाकी आहे."

"नुसतं बघू."

आप्पांची बायको ओले हात पुसत मागच्या दारात येऊन उभी राहिली. झाकण उठलं. कुंपणाच्या बाजूने टाकीत एक पाइप डोकावत होता. आप्पांनी तो जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या तोंडातून पोपटी हिरवी धार शांतपणे टाकीत पडत होती.

तपासनिसाने दोन्ही घरांकडे आळीपाळीने बघितलं.

"दोन्ही घरं एकाच गवंड्याची का?" तपासनिसाने विचारलं.

"हो. एकदमच बांधली."

"एक खड्डा वाचवला त्याने."

"म्हणजे आपली टाकी चांगली आहे ना?" नवरा आशेने म्हणाला.

"चांगली आहे. फक्त ती यांची आहे."

"परत टाका रंग," आप्पा म्हणाले. "एखादे वेळी चूक होते."

तपासनीस निमूट गेला, परत रंग ओतून आला. परत हिरवी धार आली. या खेपेला जरा जास्तच.

"त्यांना माहीत होतं का हो?" आप्पांनी विचारलं. शेजारी वारून वर्ष होत आलं होतं. तपासनिसाने खांदे उडवले. त्याचं काम जमिनीपर्यंतचं होतं.

आप्पांनी वळून बघितलं. दारात बायको नव्हती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वीट होती, पाणी निथळणारी, शेवाळलेली. तिने ती पायरीवर ठेवली, आप्पांच्या चपलांशेजारी, आणि आत गेली.

आप्पांनी खिशातून फोन काढून मुलाला लावला.

"काय आप्पा, भरली का परत?" मुलाच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती सवय होती.

"नाही. म्हणजे, भरलीय. पण शेजारचं घर विकायला काढलंय. तपासणी झाली."

"बरं."

"त्यांनी त्यांच्या संडासात हिरवा रंग टाकला."

"बरं."

"तो आपल्या टाकीत निघाला."

आप्पा पुढचं वाक्य जुळवत होते. ते जुळत नव्हतं. तेवढ्यात घरात फ्लश ओढला गेला. विटेविना, पूर्ण. पायाखाली पाणी धबाधबा कोसळलं. फ्लशची टाकी पुन्हा भरेपर्यंत आत कोणी तरी थांबलं, आणि परत ओढला.

"कसला आवाज येतोय?" मुलाने विचारलं.

"फ्लश."

"कोण आहे आत?"

"तुझी आई."

तिसऱ्यांदा पाणी आलं. आप्पांचा हात सवयीने खाकरायला तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. तपासनीस झाकण लावायला वाकला होता, तो तसाच थांबला.

"सांगू का तिला, बास म्हणून?" आप्पांनी विचारलं.

"नको," मुलगा म्हणाला. मग, "आप्पा, फोन ठेवू नका. हिला बोलावतो. हिलाही ऐकू दे."

आप्पांनी फोन कानापासून काढला आणि उघड्या टाकीवर धरला.